भट्टीचं बोलावणं

विट्याहून आटपाडीकडं जाताना लागणाऱ्या त्या गावात रविवारी सकाळी कुणीही गेलं, तर अर्जुना मेटकरी ओट्यावर बसलेला हमखास दिसायचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, स्वच्छ धोतर, पायांत करकरत्या वहाणा. माणूस आता कुठंतरी मोठ्या कामाला निघणार असा सगळा थाट, आणि जायचं मात्र कुठंच नाही. दुपारची भाकरी खाल्ली की तो सदरा काढून खुंटीला अडकवायचा आणि जुनी बंडी घालून शेरडांना पाला आणायला जायचा.

"आवं, कुणाची वाट बघताय?" असं त्याची बायको मंगल पहिल्या वर्षी विचारायची. पुढं तिनं विचारणं सोडून दिलं, कारण तिला सगळं ठाऊक होतं. सांगलीकडची चंदना नावाची एक पोरगी आपल्याला बोलवायला येईल म्हणून हा बाबा नटून बसत होता, आणि ती पोरगी काही येत नव्हती. ती तिच्या कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी येईल, म्हणून रविवार.

माणसानं वाट किती बघावी आणि हट्ट किती धरावा, ह्याचा हिशेब अर्जुनाला कुणी शिकवलाच नव्हता. त्याचा बाप मेंढक्या. दिवाळी सरली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरायचा. मिसरूड फुटायच्या आत अर्जुना त्या वाटेला कंटाळला आणि गावातल्या ज्ञानूआण्णाबरोबर दक्षिणेत गेला. ज्ञानूआण्णाची कोइमतूरला सोनं गाळायची भट्टी होती. सोनारांनी आणलेले जुने दागिने वितळवायचे, त्यातलं हिणकस काढायचं आणि चोख सोनं परत द्यायचं, असा तो धंदा. ह्या भागातल्या कैक घरांतला एखादा माणूस असाच कुठल्यातरी लांबच्या पेठेत भट्टीपुढं बसलेला असतो आणि जत्रेला तेवढा गावी येतो.

काही वर्षं हाताखाली राबवून घेतल्यावर ज्ञानूआण्णा एक दिवस म्हणाला, "अर्जुना, आता तुझं तू लाव. बुडलं तर माझं बुडलं, चाललं तर दोघांचं." ना कागद, ना साक्षीदार. आण्णानं ईरोडला दुकान बघून दिलं, भट्टी घालून दिली, चार सोनारांशी ओळख करून दिली.

त्या भट्टीवाल्या लोकांत एक रीत होती. ज्यानं दुकान लावून दिलं, त्याच्याच हातानं पहिली भट्टी पेटायची. त्याला बोलवायला दुकानवाल्यानं स्वतः त्याच्या दारात जायचं. चिठ्ठी चालायची नाही, निरोप चालायचा नाही. आणि असं बोलावणं आल्याशिवाय त्यानं त्या दुकानाची पायरी चढायची नाही. कारण उघड होतं. तो आला की गिऱ्हाईक त्यालाच शेट म्हणणार आणि नवा माणूस आपल्याच दुकानात गडी ठरणार. पुढं कधी त्यानं आपला वाटा काढून घेतला, की त्या भट्टीवरचा त्याचा हात संपला. मग त्यानं आग लावायची नाही.

आण्णाला बोलवायला अर्जुना पहाटेच्या गाडीनं कोइमतूरला गेला होता. आण्णा नुकता अंघोळ करून बाहेर येत होता. दारात अर्जुनाला बघितल्याबरोबर त्यानं 'का आलास' म्हणून विचारलं नाही. अंगात सदरा चढवला, टोपी घातली आणि म्हणाला, "चल." पण त्याच्या तोंडावर जे आलं, ते अर्जुना जन्मात विसरला नाही. पोराबाळांच्या जन्माच्या वेळीसुद्धा आण्णाचं तोंड इतकं फुललं नव्हतं म्हणतात. आपल्यालाही एकदा कुणीतरी असं दारात येऊन बोलवावं, एवढी एकच हौस अर्जुनानं तेव्हापासून मनात धरली.

आणि तीच नेमकी राहून गेली. त्याचा मुलगा धनाजी आयत्या दुकानात बसला, त्याला काही नवं लावून द्यावं लागलं नाही. गावातली पोरं पोलीसभरतीला पळायला लागली, पुण्याला कंपन्यांत गेली. भट्टीच्या धगीपुढं बसायला कुणी तयार होईना. ईरोडची सगळी जिंदगी धनाजीच्या हवाली करून अर्जुना गावी आला, तेव्हा त्याच्याकडं पैसा होता, नाव होतं, पण त्याच्या हातानं उभं राहिलेलं एकही माणूस नव्हतं. ते त्याला लय लागायचं.

त्याचा भाचा ऋषिराज साताऱ्याला सीए. तो एकदा म्हणाला, "मामा, तुमचे पैसे बँकेत नुसते लोळताहेत. एंजल इन्व्हेस्टर व्हा."

"ते काय असतंय?"

"नव्या धंद्याला बँक दारात उभं करत नाही, तेव्हा जो स्वतःच्या खिशातलं भांडवल घालतो तो. एंजल म्हणजे देवदूत."

"देवदूत कसला रं? ज्ञानूआण्णा म्हण की सरळ."

ऋषिराजला ज्ञानूआण्णा कोण ते माहीत नव्हतं. पण मामा तयार झाला हे बघून त्यानं त्याला साताऱ्यात हायवेलगतच्या हॉटेलात भरलेल्या एका बैठकीला नेलं. थंडगार हॉल, कोट घातलेली पुण्याची माणसं, आणि पडद्यावर रंगीत आलेख दाखवणारी तरणी पोरं. प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारला जायचा तो 'एक्झिट'चा. पैसे घालून किती वर्षांनी, किती पटीनं बाहेर पडता येईल? ऋषिराजनं अर्थ सांगितला तेव्हा अर्जुनाला अचंबाच वाटला. घरात पाऊल टाकायच्या आधी बाहेरचं दार कुठंय विचारतात, ही कसली सोयरीक? एसीच्या गारव्यात त्याला डुलकी लागली.

तो जागा झाला वासानं. उकडलेल्या हळदीचा वास. ईरोडच्या हळदीच्या पेठेत त्यानं उभा जन्म ह्याच वासात काढला होता. पुढं चष्मा लावलेली एक किडकिडीत पोरगी उभी होती आणि तिच्यासमोर ताटात शिजलेली हळकुंडं होती. ती सांगलीजवळच्या समडोळीची, चंदना. तिचे वडील धन्यकुमार हळदीचे शेतकरी. दोन-चार गुंठे हळद लावणाऱ्याला शिजवणीसाठी मोठ्या बॉयलरवाल्याच्या पाया पडावं लागतं, आपली पाळी येईतो माल खराब होतो, म्हणून तिनं छोट्या ट्रॅक्टरमागं ओढता येईल असा बॉयलर बनवला होता. तिचं इंग्रजी मध्येच अडखळलं. ती क्षणभर थांबली आणि सरळ मराठीत बोलायला लागली. मग मात्र ती थांबली नाही.

कोटवाल्यांनी माना डोलावल्या आणि छताकडं बघितलं. अर्जुना उठून पुढं गेला, एक हळकुंड मोडून बघितलं आणि म्हणाला, "पोरी, बुडलं तर काय करशील?"

हॉलमध्ये हशा पिकला. चंदना हसली नाही. "परत लावीन," ती म्हणाली. "पण तुमचे पैसे बुडवणार नाही काका."

तिचं दुसरं वाक्य अर्जुनाच्या कानावरून नुसतं गेलं. तो 'परत लावीन'वरच खूश झाला होता. त्यानं तिथल्या तिथं हात वर केला, आणि एकाचा हात वर झाल्यावर आणखी दोघांचे झाले. बँकांनी दारातूनच परत पाठवलेल्या त्या पोरीची कंपनी दोन महिन्यांत कुपवाडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये उभी राहिली.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. एके दिवशी चंदनाचा फोन आला. "काका, गुरुवारी पहिला बॉयलर पेटवतोय. याल ना?"

बोलावणं आलं, पण फोनवर. तो म्हणाला, "बघू."

आता माणदेशाकडं म्हाताऱ्या माणसानं 'बघू' म्हटलं, की त्याचा अर्थ 'न्यायला ये, मी तयारच आहे' असा असतो, हे समडोळीच्या पोरीला कुठून कळावं? तिनं 'बघू' म्हणजे बघू असंच धरलं. बुधवारी अर्जुनानं दाढी केली. गुरुवारी तो पहाटेपासून ओट्यावर बसला. दुपार कलल्यावर मोबाइलवर फोटो आला: बॉयलरला हार घातलेला, नारळ फुटलेला आणि चंदनाची आई गुणमाला हातात पेटती काडी धरून उभी. अर्जुनानं तो फोटो बराच वेळ बघितला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"कुणी पेटवली?" मंगलनं विचारलं.

"पेटली न्हवं? झालं तर मग," तो म्हणाला आणि बंडी शोधायला आत गेला.

"मी फोन करून सांगू का तिला, की आमच्यात अशी रीत हाय म्हणून?"

"खबरदार. सांगून आलेलं बोलावणं व्हय ते?"

त्यानंतर वर्धापनदिनाची कार्डं आली, कुरिअरनं. पाडव्याला मेसेज आला, पूजेचं बोलावणं फोनवर आलं. प्रत्येक वेळी अर्जुना 'बघू' म्हणाला. पोरीचं काम वाढत होतं, पेपरात तिचा फोटो आला, तासगाव-पलूसकडं तिचे बॉयलर रस्त्यानं जाताना दिसायला लागले. ते दिसले की अर्जुना एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढायचा. कंडक्टर ओरडायचा, मग आत घ्यायचा.

एकदा डोळे दाखवायला तो मिरजेला गेला होता. डॉक्टरकडून निघाल्यावर मंगलला म्हणाला, "जरा कुपवाडाकडनं जाऊ." शेडच्या समोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर दोघं बसली. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळं अर्जुनाला सगळं धुरकट दिसत होतं. पत्र्याचा मोठा दरवाजा, आत-बाहेर करणारी माणसं, आणि छपराच्या वर निघणारी पांढरी वाफ.

"कसं चाललंय वो ह्यांचं?" त्यानं टपरीवाल्याला विचारलं.

"एक नंबर. बाई लय कष्टाळू हाय. स्वतः वेल्डिंगला बसती." टपरीवाल्यानं कप पुढं केला. "ओळखीच्या हायत का?"

"न्हाई, सहज विचारलं."

मंगलला राहवलं नाही. "आवं, रस्ता वलांडला की दार हाय. म्हातारपणी असली कसली रीत घिऊन बसलाय? जावा की आत."

"आन आत जाऊन काय सांगू? ह्यात माझं पैसं हायत, म्हणून बघाय आलोय, असं? तिच्या माणसांम्होरं तिला खाली बघाय लावू?" तो चिडला, पण चिडण्यापेक्षा त्याचा आवाज फुटलाच जास्त. त्यानं तीन चहा घेतले, एकही गोड लागला नाही. मग दोघं गाडीला गेली.

ह्या वर्षी पावसाळा संपता संपता ऋषिराज स्वतः गावाला आला. पुण्याचा एक मोठा फंड चंदनाच्या कंपनीत भांडवल घालणार होता. शिरवळला मोठा कारखाना होणार होता. फंडाची एकच अट होती: सुरुवातीच्या छोट्या भागीदारांनी आपले वाटे विकून मोकळं व्हायचं. "मामा, नशीब काढलंत. कित्येक पटीनं मिळताहेत. इथं सही करा."

अर्जुनानं कागद घेतले आणि भिंतीतल्या देवळीत ठेवले. "बघू," म्हणाला.

त्याला पैशाचं काही पडलं नव्हतं. सही केली की शिरवळची नवी भट्टीही परकी झाली. मग कुणी कितीही बोलावलं तरी तो हात त्या आगीला लागायचा नाही. निदान ह्या कागदांसाठी तरी पोरगी दारात येईल, असं त्याला वाटत होतं. आठवडाभर त्यानं रविवारचा सदरा रोज घातला. कोण आलं नाही. शेवटी ऋषिराजचाच फोन आला. "मामा, बाकी दोघांनी सह्या केल्या. तुमच्यामुळं सगळं अडलंय. नवीन पैसे येईपर्यंत तिला पगार करता येत नाहीत. कामगारांचे गणपती कोरडे गेले."

"हे आधी का न्हाई सांगितलंस रं?" अर्जुना ओरडला. त्यानं कागद काढले, मंगलकडून पेन मागून घेतला आणि जिथं जिथं खूण होती तिथं तिथं सही ठोकली. मग टोपण लावून पेन तिला परत दिला.

पुढच्या रविवारी तो ओट्यावर बसला नाही. इस्त्रीचा सदरा मंगलनं पेटीत घडी घालून ठेवला.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मंगळवार होता. अर्जुना बंडीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, शेरडांपुढं पाला टाकत होता. दारात गाडी थांबली आणि चंदना उतरली. सोबत कुणी नव्हतं. ती चपला काढून अंगणात आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "काका, शिरवळला पहिला बॉयलर पेटवायचाय. तुम्हाला न्यायला आलेय."

अर्जुनाच्या हातातला पाला तसाच राहिला. एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी त्यानं कान टवकारले होते, ते वाक्य शेरडांच्या लेंड्यांत, अंगावर बंडी असताना, सही झाल्यावर आलं होतं.

"आधी का न्हाई आलीस पोरी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

चंदनाचा चेहरा उतरला. "कशी येणार होते काका? आमच्या आजोबांची शिस्त होती. ज्याचे पैसे आपल्या धंद्यात अडकलेत, त्याच्या दारात ते मोकळे केल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. हात हलवत गेलं की त्याला वाटतं, आणखी मागायला आली. मी तुम्हाला बोलावत होते, तुम्ही येत नव्हता. मला वाटलं, तुमचा माझ्यावरचा विश्वास उडाला. एकदा तुमचे पैसे वाढवून परत करीन आणि मगच ताठ मानेनं तुमच्या दारात जाईन, असं ठरवून मी राबले. परवा ते पोचले. आज मी आले."

मंगल दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अर्जुना खाली उकिडवा बसला. मग सावकाश त्यानं आपली रीत सांगितली. कोइमतूरचं दार सांगितलं, आण्णाचं तोंड सांगितलं, कुपवाडची टपरी सांगितली. चंदना ऐकता ऐकता रडायला लागली.

"मग आता चला. आता तर मी स्वतः आलेय."

"आता वाटा काढलाय मी. आता माझा हात चालायचा न्हाई त्या भट्टीला."

"कोण पाहणार आहे काका ही रीत?"

"मी हाय की बघायला," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. "तू आलीस, ह्यातच सगळं आलं. जा. तुझी भट्टी लय पेटू दे."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. पण गाडी वळणाआड गेल्यावर तो गोठ्यात जाऊन बसला, आणि मंगलनं हाक मारली तरी लवकर उठला नाही.

चार दिवसांनी मंगलनंच पेटीतून सदरा काढला. "हात लावू नका भट्टीला. पर नुसतं बघायला कुणी अडवलंय? मी चाललेय बघा. यायचं असंल तर या." बाईनं असं म्हटल्यावर अर्जुनाला 'बघू' म्हणायलाही जागा उरली नाही.

शिरवळला नव्या कारखान्यापुढं मांडव घातला होता. पुढच्या खुर्च्यांवर फंडाचे साहेब, त्यांची माणसं, आमंत्रित पाहुणे. ऋषिराजनं मामासाठी पुढची खुर्ची धरली होती. अर्जुना काही पुढं गेला नाही. तो मागं, कामगारांच्या घरची माणसं बसली होती तिथं, सतरंजीवर टेकला. भाषणं झाली. स्टेजवर चंदना बोलताना सारखी पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची बघत होती.

मग साहेबांना बॉयलरचं बटण दाबायला बोलावलं. साहेब उठले, आणि चंदना म्हणाली, "एक मिनिट." ती स्टेजच्या कडेला आली आणि गर्दीवरून नजर फिरवत राहिली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी अगदी मागं, खांबाशेजारी, तिला पांढरा सदरा दिसला. तिनं तिथूनच हात जोडले. अर्जुनानं हातानंच तिला पुढं ढकलल्यासारखं केलं: चालू दे, पोरी, चालू दे.

साहेबांनी बटण दाबलं. आत आग धरल्याचा तो दबका आवाज अर्जुनानं इतक्या लांबूनही ओळखला. थोड्या वेळानं वाफ वर चढली, टाळ्या झाल्या, आणि हळदीचा वास मांडवभर पसरला. अर्जुनानं आपला उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

शेजारी मेढ्याकडचा एक म्हातारा बसला होता. त्याचा पोरगा इथं फिटर म्हणून लागला होता, ते त्यानं आल्या आल्याच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तो अर्जुनाकडं वाकून म्हणाला, "पावनं, तुमी का रडताय? कुणाकडचं म्हणायचं तुमी?"

अर्जुनानं स्टेजकडं बघितलं. तिथं साहेबांच्या गळ्यात हार पडत होता.

"पोरीकडचा," तो म्हणाला.